रविवारची पाळी आणि बांधालगतचं वावर

प्रश्न: आम्ही मूळचे यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी मी, पत्नी आणि मुलगी (आता साडेपाच वर्षांची) कॅनडात ब्रॅम्प्टनला आलो. शैक्षणिक कर्जाचे 14 लाख बाकी आहेत, व्याज 11 टक्के, हप्ता 24,000 रुपये. गावाकडच्या बँकेत 7 लाखांची एफडी आहे. सगळा खर्च आणि हप्ता जाऊन महिन्याला 350 डॉलर उरतात, शिवाय इथल्या खात्यात 4,000 डॉलर आहेत. आबा (वडील) म्हणतात, बांधालगतचं अडीच एकर वावर विकायला निघालंय, एकरी 8 लाख, बयाना देऊन टाकू. मला गोदामात रविवारची आठ तासांची जादा पाळी मिळतेय, तासाला 19 डॉलर. पण आम्ही तिघं घरी असतो असा तो एकच दिवस. त्या दिवशी सकाळी आठला भाकरी टाकता टाकता आईशी व्हिडिओवर बोलतो. यंदा पोळ्याला गावी जायचं म्हटलं तर तिकिटांचेच सव्वातीन लाख होतात. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत, पण मी दोनदा वाचल्या त्या भाकरीच्या ओळी (वर पत्र थोडक्यात दिलंय). तिकडच्या दुकानातलं ज्वारीचं पीठ जुनं असतं, भाकर तव्यावर टाकायच्या आधीच चिरते, आणि आई इकडून सांगते, "कढत पानी घे माय, पीठ जुनं हाये." मुलगी पिठाच्याच बोटानं स्क्रीनवर आजीचं कपाळ पुसते, कारण आजीनं फोन असा धरलेला असतो की कपाळाखेरीज काही दिसतच नाही. तिकडे सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात इकडे संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. ढोरं घरी आलेली, सडा टाकून झालेला, आई मोकळी. तुमची सुट्टी आणि तिचा रिकामा वेळ आठवड्यातून एकदाच जुळतो. हे ध्यानात ठेवूनच मी हिशेब मांडतोय.

आधी वावर. तुम्ही आता अनिवासी भारतीय आहात आणि फेमा (परकीय चलनाच्या) कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेती वारसानं तुमच्याकडे येऊ शकते, पण खरेदीखत तुमच्या नावानं होणार नाही. पैसे तुम्ही आबांना भेट म्हणून द्यायचे आणि वावर आबांनी स्वतःच्या मालकीचं म्हणून घ्यायचं, हा मार्ग कायदेशीर आहे. मुलानं बापाला दिलेल्या पैशावर बापाला कर लागत नाही, आणि आबांचं नाव सातबाऱ्यावर असल्यानं ते शेतकरी म्हणून खरेदी करू शकतात. तरीही माझं मत नाही म्हणण्याचंच आहे. 20 लाखांच्या व्यवहारात तुमचे 7 लाख बयान्यात जातील आणि उरलेल्या 13 लाखांचं नवं कर्ज उभं राहील. वावर कोरडवाहू असेल तर कापूस-सोयाबीनच्या भरवशावर ते फेडणं किती अवघड असतं, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शिवाय या वयात ते आणखी अडीच एकर वाहणार नाहीत. मक्त्यानं द्यावं लागेल, आणि मक्त्याचा पैसा 20 लाखांच्या व्याजाच्या जवळपासही पोहोचत नाही.

आता पाळी. आठ तासांचे 152 डॉलर. कर, पेन्शन आणि रोजगार विमा कापून, पेट्रोल आणि बाहेरचं खाणं वजा केलं की एका रविवारचे साधारण 97 डॉलर हाती राहतात. कॅनडाचा डॉलर 62 रुपये धरला तर 6,000 रुपये. दारव्ह्यात बसून पाहिलं तर ही रक्कम लहान नाही, तुम्हाला मोह झाला यात नवल नाही. महिन्याचे 26,000 हप्त्यात मिळवले तर सात वर्षांचं कर्ज पावणेतीन वर्षांत फिटतं. त्यासाठी सुमारे 140 रविवार द्यावे लागतील.

पण एफडीकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. तुम्ही कर्जावर 11 टक्के भरता आणि ठेवीवर त्याहून कितीतरी कमी मिळवता. त्यातून परदेशी गेल्यावर तुमचं इथलं साधं खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या) खात्यात बदलायला हवं होतं. ते अजून केलं नसेल तर याच महिन्यात करा. एनआरओ ठेवीच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस (बँकेतच कापला जाणारा कर), वर सेस कापला जातो, आणि तेच व्याज कॅनडातही दाखवावं लागतं. म्हणजे तुमच्या घरातला सगळ्यात आळशी पैसा तो आहे. 7 लाखांपैकी 2 लाख आई-आबांच्या दुखण्याखुपण्यासाठी राहू द्या. उरलेले 5 लाख कर्जात भरा. हप्ता 24,000 च ठेवला तर कर्ज 46 महिन्यांत संपतं. एकही रविवार न देता सात वर्षांची चार वर्षांच्या आत झाली.

यावर पाळीही घेतली तर 20 महिन्यांत सुटाल, हेही लपवत नाही. पण त्या 20 महिन्यांत मुलगी साडेपाचाची सव्वासात वर्षांची होईल. शाळेत दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या पोरीची वऱ्हाडी टिकायची तर याच वयात. माझ्याकडे यवतमाळात जे म्हातारे आई-बाप कागदपत्रं घेऊन येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना नातवाशी काय बोलावं ते सुचत नाही. पोरगं स्क्रीनवर येतं, हात हलवतं, पळून जातं. पैसा घरात वेळेवर येत असतो, त्याची तक्रार कोणाचीच नसते. तुमच्या पोरीला आजीचं "कढत पानी" कळतं. ते मोडू नका. पाळी नको.

जास्तीचं कमवायचंच असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात गोदामांत काम वाढतं, तेव्हा पाच-सहा शनिवार मागून घ्या.

पोळ्याचा खर्च मी वायफळ धरत नाही, फक्त यंदा नको. उरणाऱ्या 350 डॉलरमधले 220 वेगळ्या खात्यात टाकत गेलात तर दोन वर्षांत तिकिटांचे सव्वातीन लाख जमतात. तारीख पंचांग पाहून ठरवा, कारण अधिक महिना आला की पोळा सप्टेंबरात सरकतो आणि तिकडची शाळा सप्टेंबरातच उघडते. बैलांचा पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला थांबायलाच हवं. लाकडी बैलाची दोरी धरून गल्लीत फिरायचं तिचं वय फार दिवस राहणार नाही. तो बैल आबांना आत्ताच सुताराकडे करायला सांगा.

350 मधले 50 डॉलर मुलीच्या आरईएसपी (पुढच्या शिक्षणासाठीच्या बचतीच्या) खात्यात टाका, कॅनडा सरकार त्यावर 20 टक्के अनुदान देतं. उरलेले 80 आणि ते 4,000 डॉलर अडीअडचणीला राहू द्या.

बँकेत अर्ज करताना "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असं लेखी द्या, नाहीतर मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला जाण्याची शक्यता असते. तुमचं कर्ज फ्लोटिंग (बदलत्या) व्याजदराचं असेल तर मुदतीआधी भरण्याचा दंड बँकेला लावता येत नाही. आणि वावराला नाही म्हणायचं ते आबांना मेसेजवर कळवू नका. रविवारी आईचं बोलणं झालं की फोन त्यांच्याकडे द्यायला सांगा, आणि 13 लाखांचा आकडा त्यांच्याच तोंडून मांडून घ्या.