टॅलीवर दहा वर्षं फक्त एंट्री करतोय, आता ते काम सॉफ्टवेअर करतं. नोकरी टिकेल का? काय शिकू?

नुसत्या एंट्रीवर टिकणं अवघड आहे, पण टॅली सोडू नका. त्याच्याच जोडीला जीएसटीचा ताळमेळ, म्हणजे आपली खरेदीची बिलं पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवणं, शिका. मी भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपची खाती बघतो. बिल चढवायला आता माणूस लागत नाही, अडतं ते पुढे. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराचं बिल २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या यादीत) दिसल्याशिवाय त्यावरचं क्रेडिट, म्हणजे बिलात भरलेल्या जीएसटीची आपल्या करातून वजावट, घेता येत नाही. २बी येतं १४ तारखेला आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची ३बी ची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची, मुदत २० ला संपते. त्या सहा दिवसांत कोणाचं बिल आलं नाही, कोणी जीएसटी नंबरात एक अक्षर चुकवलं, हे हुडकून पुरवठादाराला फोन करणारा माणूस मालकाला हवाच असतो. लाखाच्या बिलावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये अडकतात हो! सोबत एक्सेलमधलं याद्या जुळवायचं व्हीलुकअप आणि बेरजा मांडायचं पिव्होट टेबल पक्कं करा. मात्र मोठ्या कंपनीत असाल तर हा ताळमेळही बराचसा सॉफ्टवेअरच लावतं. तिथे सॅपवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, हात बसवणं जास्त उपयोगी.