'होमस्टेड'ला 'वतन' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या पश्चिम भागात नवी वस्ती होत होती त्या काळात घडणाऱ्या एका ख्रिस्ती प्रेमकादंबरीचं भाषांतर चालू आहे. १८७० च्या दशकातली नेब्रास्कातली तरुण विधवा आपलं 'होमस्टेड' राखायला झटते. या शब्दाला 'वतन' चालेल का?

जमिनीच्या कचेरीतल्या प्रसंगात चालणार नाही. प्रार्थनेच्या प्रसंगात मात्र त्याहून चांगला शब्द सापडणार नाही.

आधी होमस्टेड म्हणजे काय ते नेमकं पाहू. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेला होमस्टेड कायदा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला. कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षं पूर्ण झालेल्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येई. चौरस तुकडा असेल तर प्रत्येक बाजू अर्धा मैल. नोंदणीचे १० डॉलर आणि वर थोडं कमिशन भरायचं, मग पाच वर्षं तिथेच राहून जमीन कसायची, शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे, की मालकीचा कागद मिळे. घाई असेल तर सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून जमीन विकत घेता येई. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ जागा सोडली तर ती सरकारकडे परत. म्हणजे नोंदणी आणि अखेरचा कागद यांच्या मधल्या वर्षांत जमीन ताब्यात असते, पण मालकीची नसते. या जातीच्या कादंबऱ्यांचं कथानक बहुधा याच फटीत उभं असतं. अविवाहित स्त्रीला, विधवेला स्वतःच्या नावाने अर्ज करता येई. नवऱ्यासोबत राहणाऱ्या बायकोला सहसा नाही. नवरा मधेच वारला तर विधवा उरलेली मुदत पुरी करून जमीन मिळवू शके. शेजारच्या तुकड्यावरच्या माणसाशी लग्न ठरलं की पंचाईत: राहण्याची अट दोन्ही जमिनींना, आणि संसार एकच.

आता 'वतन' याच्या अगदी उलट. पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण असा पिढीजात हक्क आणि त्यासोबत आलेली जमीन. ती जन्माने मिळते, पाच वर्षं राबून नव्हे. शिवाय महार वतन या शब्दामागे गावकीच्या राबणुकीचा मोठा इतिहास आहे, डॉ. आंबेडकरांनी त्याविरुद्ध १९२८ मध्ये विधेयक मांडलं, आणि अशी कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. नगरकडच्या अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज त्याच राबणुकीतून आलेले. ही कादंबरी वाचणाऱ्यांत ती कुटुंबं असणारच. विधवेने कचेरीत 'माझं वतन' म्हटलं तर त्यांना भलताच अर्थ ऐकू येईल.

'सातबारा' तर नकोच. तो महसुली उतारा आहे, मालकीची सनद नव्हे, आणि नेब्रास्कातल्या पात्राच्या तोंडी तो आला की वाचक थेट तलाठ्याकडे पोचतो. व्यवहाराने सगळ्यात जवळचा शब्द मराठेशाहीतला 'इस्तावा': पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला सुरुवातीला कमी आणि मग दरसाल चढता सारा. पण आज तो कोणाला कळणार नाही, आणि त्यात सवलत साऱ्यात आहे, मालकीत नाही.

माझी शिफारस अशी. पहिल्या उल्लेखात 'होमस्टेड' तसाच ठेवा आणि त्याच परिच्छेदात पाच वर्षांची अट निवेदनातून येऊ द्या. तळटीप लागणार नाही. पुढे रोजच्या बोलण्यात 'वस्ती' वापरा. गावठाणापासून लांब, आपल्याच रानात घर करून राहणाऱ्यांना आपण 'वस्तीवर राहतात' म्हणतो. होमस्टेडचं घर असंच होतं. 'ती संध्याकाळी वस्तीवर परतली' हे वाक्य कुठेही अडत नाही. नोंदलेल्या हक्काला 'क्लेम' म्हणा, कारण 'दावा' म्हटलं की कोर्ट आठवतं. शेवटच्या कागदाला मूळ इंग्रजीत 'पेटंट' म्हणतात. तो शब्द मराठीत शोधाच्या हक्काशी बांधला गेला आहे, म्हणून इथे 'सनद'. 'क्लेम नोंदवला, पाच वर्षं राखला, सनद घेतली' एवढ्या तीन क्रियापदांत सगळा व्यवहार बसतो.

मग 'वतन' कुठे? मराठी बायबलमध्ये इस्राएलाच्या वंशांना कनानात वाटून मिळालेली जमीन 'वतन' आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात 'जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील' असं येतं. इंग्रजीत जिथे वारसा या अर्थाचं क्रियापद आहे तिथे मराठी ख्रिस्ती कान 'वतन'च ऐकतो. म्हणून तुमची नायिका शास्त्रलेख वाचते, बायबलमधली विधवा रूथ आणि तिच्या सासरची जमीन सोडवणाऱ्या बवाजाची गोष्ट आठवते, सनद हाती नसताना देवापुढे जमिनीबद्दल बोलते, तिथे 'वतन' बिनधास्त लिहा. किंबहुना तो शब्द तेवढ्यासाठीच राखून ठेवा. आधीच्या पानांवर उधळलात तर त्या जागी त्याचं वजन उरणार नाही.

एक जोड. मोकळ्या प्रदेशाला 'पडीक' किंवा 'ओसाड' लिहू नका. नेब्रास्कात पॉनी, ओमाहा, ओटो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, मका पिकवत होते. करार करून घेऊन त्यांना हटवल्यावर ती जमीन सरकारी ठरली. पात्राला ती ओसाड वाटत असेल तर तसं तिच्या संवादात येऊ द्या. निवेदकाने 'गवताळ माळ' म्हणावं. मूळच्या 'फ्रंटियर'साठी 'सरहद्द'ही टाळा: ती दोन राज्यांमध्ये असते, आणि इथे वसाहतीची कड दरवर्षी पश्चिमेला सरकत होती.