परक्या शहरातला पहिला मुक्काम: विद्यार्थ्यांचे पाच प्रश्न

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न येतात, त्यांत अभ्यासाविषयीचे फार थोडे असतात; बहुतेक प्रश्न खोली, वीज, औषधे आणि फसवणूक यांच्याभोवती फिरतात. त्यांपैकी पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न: मी अजून निघालेली नाही. विद्यापीठाजवळची एक खोली इंटरनेटवर पाहिली आणि ती फार आवडली. भाडेही आसपासच्या खोल्यांपेक्षा बरेच कमी आहे. मालक सध्या परगावी असल्यामुळे खोली दाखवू शकत नाही, पण आजच अनामत रक्कम भरली तर किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणतो. विश्वास बसावा म्हणून त्याने स्वतःच्या पासपोर्टची प्रतही पाठवली आहे. पैसे पाठवावेत का?

उत्तर: पाठवू नयेत. बाजारभावापेक्षा कमी भाडे, परगावी गेलेला मालक, खोली न दाखवता मागितलेली रक्कम आणि ‘आजच’चा तगादा या चार गोष्टी एकत्र आल्या की पाचव्या पुराव्याची वाट पाहू नये. पासपोर्टच्या प्रतीने तर काहीच सिद्ध होत नाही. ती पूर्वी फसलेल्या एखाद्या भाडेकरूने भाबडेपणाने पाठवलेली असू शकते. म्हणून आपली प्रतही अनोळखी माणसाला पाठवू नका. जाहिरातीतली छायाचित्रे इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाकून पाहा. तीच खोली दुसऱ्या एखाद्या शहरातही भाड्याने निघालेली आढळली, तर प्रश्न तिथेच मिटतो.

पहिले दोन-तीन आठवडे वसतिगृहात किंवा थोड्या मुदतीच्या निवासात काढावेत आणि खोली स्वतः जाऊन पाहावी, असे माझे मत आहे. त्यात थोडा जास्त खर्च होतो, पण बुडालेल्या अनामत रकमेपेक्षा तो नक्कीच कमी असतो. शक्य असल्यास खोली दोनदा पाहावी: एकदा सकाळच्या गर्दीच्या वेळी, म्हणजे विद्यापीठापर्यंतच्या प्रवासाला खरोखर किती वेळ लागतो ते कळते, आणि एकदा अंधार पडल्यावर. दुरूनच ठरवणे भाग असेल, तर व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगावी आणि मध्येच नळ सोडायला किंवा खिडकीतून रस्ता दाखवायला लावावे. मात्र त्यातूनही समोरच्याकडे किल्ली आहे एवढेच कळते, मालकी नाही. विद्यापीठाचे निवास कार्यालय बहुतेक ठिकाणी भाडेकराराचा मसुदा तपासून देते. त्या सोयीचा लाभ घेणारे विद्यार्थी का कमी असतात, हे मला अजून उमगलेले नाही.

करार करताना दोन कलमे सावकाश वाचावीत. अनामत रक्कम कोणाकडे राहील आणि किती दिवसांत परत मिळेल, हे एक. दुसरे, करार संयुक्त आहे की प्रत्येकाचा स्वतंत्र, हे पाहावे. कारण संयुक्त करारात एक सोबती मध्येच निघून गेला, तर त्याच्या वाट्याचे भाडे सहसा उरलेल्यांच्या अंगावर पडते. ताबा मिळाल्यावर सामान आत नेण्यापूर्वीच भिंतींवरचे डाग, तुटलेल्या कड्या आणि विजेच्या मीटरचा आकडा यांची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवावीत. खोली सोडताना डाग कोणी पाडला यावरून वाद झालाच, तर ईमेलवरची तारीख आपल्या बाजूने बोलते.

प्रश्न: घरून विजेची किटली आणि केस वाळवण्याचे यंत्र नेले आणि तिथे फक्त ॲडॉप्टर घेतला, तर चालेल का?

उत्तर: ॲडॉप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो, विजेचा दाब बदलत नाही. काही देशांत हा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो, तर काही देशांत ११० ते १२० व्होल्ट. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असल्यास तो दोन्हीकडे चालतो. उष्णता देणाऱ्या उपकरणांचे तसे नाही. २३० व्होल्टची किटली १२० व्होल्टवर लावली तर तिला जेमतेम चौथा हिस्सा शक्ती मिळते आणि पाणी उकळता उकळत नाही. याउलट १२० व्होल्टची किटली २३० वर लावल्यास साडेतीन पटींहून अधिक उष्णता निर्माण होऊन ती जळते. ही दोन्ही उपकरणे घरीच ठेवा.

प्रश्न: थंडी सुरू झाल्यापासून माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी धरली आहे. मालक म्हणतो की दोष माझा आहे. त्याचे खरे आहे का?

उत्तर: अर्धे खरे असू शकते. श्वास, आंघोळ आणि स्वयंपाक यांमुळे खोलीतल्या हवेत सतत बाष्प मिसळत असते. धुतलेले कपडे आत वाळत घातले, तर एका धुण्यातून दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. ही उबदार, दमट हवा थंड भिंतीला लागली की तिथे दव धरते आणि ओल्या जागी बुरशी वाढते. थंडी आत येईल या भीतीने खिडकी बंदच ठेवणे हे यातले मुख्य कारण असते. त्याऐवजी दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडाव्यात. तेवढ्यात हवा बदलते, पण भिंती गार पडत नाहीत. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडे पुढे ओढावे आणि आर्द्रता मोजणारे साधे यंत्र आणून आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा.

एवढे करूनही डाग पसरत असेल, किंवा पाऊस पडल्यावर तो वाढत असेल, तर गळती भिंतीत, छपरात किंवा नळात आहे, आणि तिची दुरुस्ती सहसा मालकाकडे येते. मात्र तक्रार फोनवर न करता छायाचित्रांसह लेखी करावी.

प्रश्न: इमिग्रेशन खात्यातून बोलतोय असे सांगणाऱ्या माणसाचा फोन आला. माझ्या व्हिसात त्रुटी आहे, दंड भरला नाही तर आजच अटक होईल, आणि हे कोणाला सांगू नका, असे तो म्हणाला. फोनवर दिसलेला क्रमांक खात्याचाच होता. मी घाबरून गेले आहे.

उत्तर: पडद्यावर दिसणारा क्रमांक बनावट करता येतो, त्यामुळे तो पुरावा नव्हे. खरे सरकारी खाते दंडाची रक्कम गिफ्ट कार्डाने किंवा आभासी चलनात घेत नाही आणि व्हिडिओ कॉलवर कोणालाही ‘अटकेत’ ठेवत नाही. ‘कोणाला सांगू नका’ या तीन शब्दांतच त्यांचा सगळा डाव असतो, कारण कोणालाही सांगितले की तो उघडा पडतो. फोन ठेवा, खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरचा क्रमांक स्वतः शोधून त्यावर विचारा आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आजच कळवा. पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन करा, मग पोलिसांकडे जा. पहिल्या काही तासांत व्यवहार अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

प्रत्यक्ष अटकेचा प्रसंग आला तरी आपण एकटे नसता. १९६३च्या व्हिएन्ना करारातील ३६व्या कलमानुसार, अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. त्या दूतावासाचा क्रमांक फोनबरोबर कागदावरही लिहून ठेवावा.

प्रश्न: नेहमीची औषधे सोबत न्यावीत का?

उत्तर: न्यावीत, पण मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या पत्रासह. पत्रात कंपनीने दिलेल्या नावाऐवजी औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, कारण कंपनीचे नाव देशागणिक बदलते. कोडीनसारखी काही औषधे एका देशात सहज मिळतात, तर दुसऱ्या देशात त्यांवर कडक नियंत्रण असते. म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाकडे चौकशी करावी.

तिथल्या दुकानातून औषध घेताना एक गफलत वारंवार होते. पॅरासिटामॉललाच काही देशांत ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि सर्दीच्या अनेक तयार मिश्रणांतही ते असते. तापाची गोळी आणि सर्दीचे मिश्रण दोन्ही घेणारा विद्यार्थी नकळत दुप्पट मात्रा घेतो. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारण ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, इतकी धरतात. त्यापुढे यकृताला धोका असतो. तेव्हा वेष्टनावरील घटकांची यादी वाचा, आणि ती परक्या भाषेत असेल तर दुकानातील औषधतज्ज्ञाला दोन्ही खोकी दाखवून विचारा.