हौशी एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेली मिश्र मार्शल आर्ट्स) लढत पाहून होतकरू खेळाडू कसा ओळखावा?

५-० (पाच विजय, एकही हार नाही) अशा आकड्यावर भाळू नका. त्याच्याकडून हरलेले पाच जण कोण होते ते आधी बघा. हौशी लढत साधारण ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची. तिसऱ्या फेरीत दमल्यावर हात हनुवटीखाली येतात का, हीच खरी परीक्षा.

नुसतं खाली पाडण्याला पंच फारसे गुण देत नाहीत. त्यानंतर ठोसे बसले की गळा आवळायचा प्रयत्न झाला, ते मोजलं जातं. आक्रमकतेचा विचार ठोसे-पकडीत बरोबरी असेल तरच.

कुस्तीतून आलेल्यांची एक खोड हमखास दिसते: चीत होऊ नये म्हणून पालथं पडणं. इथे पाठ दिली की गळ्याला मागून विळखा बसलाच! ही सवय मोडलेला पैलवान मात्र जरूर हेरून ठेवा.