जुन्या फॉन्टमधल्या फाइली: कृपा करून नोटपॅड उघडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. वडिलांनी १९९८ ते २००४ या काळात टाइप करून घेतलेला तालुक्याचा इतिहास, सीडीवरच्या फाइली, उघडाव्या तर नुसती इंग्रजी अक्षरं, आणि कोपऱ्यावरचा डीटीपीवाला म्हणतोय की सगळं परत टाइप करा. माझ्या मामाच्या बाबतीत हे सगळं होऊन गेलंय. सीडी उतरवून घेणं, दोन प्रती ठेवणं, फॉन्ट मिळवणं हे तुम्ही करालच, त्यात शिरत नाही.

मामा जीवशास्त्राचे शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी घाटातल्या वनस्पतींची सूची केली, सहाशेच्या वर नोंदी. पुस्तकी मराठी नाव, गावात म्हणतात ते नाव आणि लॅटिन नाव. मराठी मजकूर कृतीदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये, लॅटिन टाइम्स न्यू रोमन या इंग्रजी फॉन्टमध्ये. २०१३ मध्ये अनुदानासाठी एका कार्यालयाकडे अर्ज केला. तिथून पत्र आलं: मजकूर युनिकोडमध्ये, आठ दिवसांत. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संकेत, फॉन्ट कुठलाही असो. घरात कॉम्प्युटरवाला भाचा मीच. एका रात्रीत उरकू म्हणून मी सगळं कॉपी करून नोटपॅडात टाकलं, तिथून जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये, तिथून परत वर्डमध्ये, आणि जुन्याच नावानं सेव्ह केलं, म्हणजे मूळ फाइलही गेली. हा शेवटचा गाढवपणा वेगळा मोजायचा.

नोटपॅडनं काय घात केला तो सांगतो. कृतीदेवच्या फाइलीत मराठी नसतंच. ‘मराठी’ हा शब्द आत ई, जे, के, मोठा बी, एच असा पडलेला असतो, फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. म्हणजे कुठला तुकडा मराठी आणि कुठला खरोखर इंग्रजी, हे फक्त त्या तुकड्याला लावलेल्या फॉन्टच्या नावावरून कळतं. नोटपॅड नेमकं तेच पुसून टाकतं. पुढे कन्व्हर्टर बिचारा सगळ्यालाच मराठी समजतो. हिरड्याचं लॅटिन नाव टर्मिनालिया चेबुला, त्यातल्या चेबुलाचं झालं ‘बीमइनसं’. अशी सहाशे.

उलटं फिरवता येईल असं मलाही वाटलं होतं. पण कृतीदेवमध्ये एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि ती अक्षराच्या आधी टाइप करायची. कन्व्हर्टर तिला उचलून अक्षराच्या मागे नेतो. आवळ्याचं जुनं नाव एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस, त्यात दोन एफ. कोण कुठून उडी मारून कुठे बसला, देव जाणे. शेवटी मामांनी हाताच्या वह्यांवरून एकेक नाव परत सांगितलं आणि मी टाइप केलं. पाच महिने गेले. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

आणि ते कार्यालय? फाइल परत आली, ‘आमच्या मशीनवर डबे दिसतात.’ मी समक्ष गेलो. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ‘युनिकोड म्हणजे मंगलच ना? मंगल नको, आमचा माणूस जुन्या फॉन्टमध्येच पेजमेकर करतो.’ मंगल हा युनिकोडचा एक फॉन्ट, पेजमेकर हे छपाईसाठी पानं लावायचं सॉफ्टवेअर. पत्रात युनिकोड, टेबलावर जुना फॉन्ट, आणि साहेब दौऱ्यावर. तीन खेपा झाल्या. बाईंवर माझा राग नाही, त्यांच्या पुढ्यातलं मशीनच तसं होतं, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड मराठी झेपणारच नव्हतं. पण भारतीय भाषांचा मजकूर युनिकोडमध्येच साठवावा हे केंद्र सरकारचं मानक २००९ चं आहे. चार वर्षांत ते त्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं.

थोडं विषयांतर, चालवून घ्या. ही दैना अपघातानं झालेली नाही. इस्की हे आपल्या लिप्यांतल्या अक्षरांचे संकेत ठरवणारं भारतीय मानक १९९१ चं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी पुढची पंधरा-वीस वर्षं जो तो फॉन्टवाला आपापले संकेत वापरत राहिला, वर काहींचं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे किल्लीसारखं एक छोटं यंत्र, लावल्याशिवाय चालायचं नाही. डोंगल बिघडलं की आपलीच भाषा आपल्याला कुलूपबंद. तमिळनाडू सरकारनं १९९९ मध्ये निदान फॉन्टचे संकेत आणि कीबोर्ड ठरवून तरी दिले. आपण टेंडरं काढली. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे, पण जुन्या फॉन्टमधून केलेल्या सरकारी पीडीएफमध्ये स्वतःच्या गावाचं नाव शोधून बघा एकदा. सापडलं तर मला कळवा.

असो. मी आज काय करेन ते सांगतो. मी तज्ज्ञ नाही, पोळलेला माणूस आहे, तेव्हा आधी दहा पानांवर करून बघा. फॉन्ट बसवला आणि मजकूर नीट दिसला की काहीही करण्याआधी त्या फाइलीची पीडीएफ करा. पुढे काहीही बिघडलं तरी खरं काय होतं याचा तोच साक्षीदार. मग वर्डच्या फाइंडमध्ये फॉन्टवरून इंग्रजी तुकडे शोधा आणि रंगवून ठेवा. रूपांतर फक्त कृतीदेवच्या तुकड्यांचं करायचं. त्यासाठी वर्ड किंवा लिब्रेऑफिसच्या आत चालणारं, फॉन्ट बघून काम करणारं मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, बरं. वेबपेजवरच्या चौकोनात चिकटवलं तर तेही नोटपॅडसारखंच.

मुद्रितशोधन डोळ्यांनीच करावं लागेल. मी वापरलेला कन्व्हर्टर हिंदीसाठी केलेला होता, त्याला आपला ऱ्य ठाऊक नव्हता. ‘दऱ्यांत आढळते’चं सगळीकडे ‘दर्यांत आढळते’ झालं, म्हणजे सह्याद्रीतली झुडपं समुद्रात उगवली. तसंच ‘ॲ’. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, जुने कन्व्हर्टर अ आणि वर चंद्र अशी जोडी देतात. दिसायला सारखंच, पण शोधताना सापडत नाही.

वर दोघांनी सुचवलंय की एआयला द्या, चुटकीसरशी होईल. होतंही, मी करून बघितलंय. पण जिथे अक्षर हरवलंय तिथे ते गप्प बसत नाही, शोभेलसं काहीतरी भरून मोकळं होतं. गावांची नावं, आडनावं, इनामांची वर्षं असलेल्या मजकुरात हे मला परवडणार नाही. शिवाय वडिलांचं अप्रकाशित लिखाण कुठल्या सर्व्हरवर जातंय याचाही विचार करा. हे माझं मत, इतरांचं वेगळं असेल.

अनुदानाचं म्हणाल तर आम्हाला ते मिळालं नाही. पुस्तक घरच्या पैशांनी काढलं, तीनशे प्रती.

आता एक करा. फाइलीत जिथे ‘मराठी’ हा शब्द नक्की आहे ती जागा शोधा आणि तिथे कुठली इंग्रजी अक्षरं दिसतात ते इथे लिहा. ई, जे, के, मोठा बी, एच असेल तर कृतीदेव किंवा त्याचा भाऊबंद. दुसरं काही असेल तर तेच लिहा, फॉन्ट ओळखणारे दोघं-तिघं इथे आहेत.