पाठ केलेलं प्रूफ

"मॅडम, मी रोज चार तास बसतो. सगळी प्रूफं पाठ हाईत. तरी पेपर बघितला की काय सुचत न्हाई. माझं डोकंच गणिताचं न्हाई, विषय सोडू काय?"

(बोलणारी मुलगीच. आमच्या कोल्हापुरात मुली अशाच बोलतात.)

बी.एस्सी.ला गणितात नव्वदच्या पुढं, एम.एस्सी.ला रिअल अ‍ॅनालिसिसच्या (कॅल्क्युलस पायापासून सिद्ध करायचा विषय) पहिल्याच चाचणीत नापास. दिवाळीच्या आसपास असे दोन-तीन जण माझ्याकडे सल्ल्याला येतातच. मीही कधीकाळी गणितच केलेलं, म्हणून समजुतीच्या गोष्टी सोडून तिच्यापुढं कागद सरकवला. कंटिन्युअस आणि युनिफॉर्मली कंटिन्युअस, दोन्ही व्याख्या तिनं काना-मात्रा न चुकवता लिहिल्या.

"दोन्हींत फरक काय?"

गप्प.

म्हटलं, "प्रत्येक पेठेला एक तालीम आहे, आणि एक तालीम सगळ्या पेठांची आहे. ही दोन वाक्यं एकच काय?"

"छे! दुसरं म्हणून बघा शिवाजी पेठेत!" पहिल्यांदाच हसली.

मग एक्सचा वर्ग घेतला, एप्सिलॉन १, म्हणजे उत्तरातला फरक एकच्या आत राहायला हवा. त्यासाठी एक्स जेवढा हलवायची मुभा, तो डेल्टा. एकपाशी ०.४ हा डेल्टा चालतो. शंभरपाशी तोच लावून तिनं १००.४ चा वर्ग केला: १००८०.१६. फरक ८० च्या वर! तिथं ०.००४ एवढा बारीक डेल्टा लागला. म्हणजे प्रत्येक बिंदूची तालीम वेगळी, हे नुसतं कंटिन्युअस; सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा पुरला तर युनिफॉर्मली. 'प्रत्येक' आधी की 'एक' आधी, एवढ्यावर सगळं फिरतं. याच जातीची गफलत फ्रेंच गणिती कोशीसारख्या माणसाच्या १८२१ च्या पुस्तकात राहिली होती; १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलनं त्यातल्या त्या प्रमेयाला अपवाद दाखवला. हे ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला.

अभ्यास मी वाढवला नाही, उलट कमी करायला सांगितला. दिवसाला एकच प्रमेय. पुस्तक मिटून त्यातली एक अट काढून टाकायची आणि कुठं मोडतं ते उदाहरणानं शोधायचं. एका पानाला दीड तास गेला तरी चालेल. विषय सोडण्यात कमीपणा आहे असं मी मानत नाही, काहींना मी तसं सुचवलंही आहे. पण पाठांतर फसलं एवढ्यावरून तो निर्णय घ्यायचा नसतो.

पुढच्या चाचणीत जेमतेम पास झाली. मार्कांचं एका वाक्यात उरकलं आणि वही उघडली.

"मॅडम, शून्य ते शंभर एवढंच घेतलं तर ०.००४ सगळ्यांना पुरतोय. म्हणजे हद्द बांधली की एक तालीम चालती. पण टोकाचे दोन बिंदू काढले तर दरवेळी चालंल काय? एक भागिले एक्सला तर बिघडतंय."