साखर कारखान्यात महागडे सेन्सरही हंगामभर टिकत नाहीत. आणखी भारी घ्यावेत का?

धूळ-पाणी रोखणारे आयपी ६७ दर्जाचे सेन्सर घेऊनही निम्मे गाळप व्हायच्या आत ते बाद होतात, असं तुम्ही लिहिलंय. मी याच कामात आहे, आणि माझं उत्तर आहे: आणखी भारी घेऊ नका. आतला सेन्सर सहसा शाबूत असतो, घात होतो तो केबल ग्लँडपाशी, म्हणजे केबल आत शिरते तिथल्या आवळायच्या तोंडापाशी.

आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल. पण तेव्हा ग्लँड नीट आवळलेला हवा. बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे रस तापवून आटवायच्या विभागात, सतत वाफ, त्यात धुलाईचं पाणी. केबल वरून थेट आणली की पाणी तिच्यावरून ओघळत हेडमध्ये, म्हणजे सेन्सरच्या वायरी जोडायच्या डबीत जातं. केबल खालून घ्या, आधी थोडा झोळ सोडा, ग्लँड केबलच्या जाडीचाच लावा. रिकाम्या तोंडाला बूच बसवा. कापडाचा बोळा म्हणजे बूच नव्हे!

पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरचा रोध एका अंशाला साधारण ०.३८५ ओहमने बदलतो. म्हणजे गंजलेल्या टर्मिनलने एक ओहम वाढवला की तापमान सुमारे अडीच अंशांनी चुकलं. तीन वायरींच्या जोडणीने केबलच्या लांबीची चूक वजा होते, एकट्या गंजलेल्या टर्मिनलची नाही.

खरी डोकेदुखी रसाच्या पीएचची. सल्फिटेशननंतर, म्हणजे चुना आणि सल्फर डायऑक्साइडने रस साफ केल्यावर, तो ७ च्या आसपास हवा. खाली गेला तर साखर फुटते, फार वर गेला तर रंग चढतो. चुना आणि सल्फर डायऑक्साइडमुळे कॅल्शियम सल्फाइटचा थर पीएच मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या काचेवर बसतो आणि इलेक्ट्रोड मंदावतो. गंमत म्हणजे तेव्हा आकडा छान स्थिर दिसतो, आणि ऑपरेटर खूश! म्हणून होल्डर असा घ्या की लाइन चालू असताना इलेक्ट्रोड बाहेर काढता येईल. रोज पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवा, धुवा, ७ आणि ४ पीएचच्या बफरमध्ये (पीएच ठरलेल्या द्रावणात) तपासा. हंगाम संपला की पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. कितीतरी इलेक्ट्रोड गाळपात नाही, पावसाळ्यात कपाटात वाळून मरतात.

पैसे घालायचेच असतील तर रसाच्या टाकीवरचा अल्ट्रासॉनिक लेव्हल सेन्सर बदला. फेस आणि वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. दाट फेसात रडारही गडबडतो, त्यामुळे मी टाकीच्या तळाशी फ्लश डायफ्रामचा (ज्याचा पडदा टाकीच्या भिंतीशी सपाट बसतो असा) प्रेशर ट्रान्समीटर लावेन; तो रसाच्या दाबावरून पातळी सांगतो.